मुंबईने की मुंबईत?

साशंक : शाळेच्या प्रदर्शनासाठी तुम्ही लिहिलेला फलक मी दोनदा वाचला, काका. जहाजाची लांबी, तोफा, सन, सगळं जागच्या जागी आहे. माझं घोडं अडलं ते पहिल्याच ओळीपाशी. ‘त्रिंकोमाली : मुंबईने बांधलेली युद्धनौका.’ मुंबईने म्हणजे नेमकं कुणी? १८१७ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती. जहाजाची मागणी लंडनहून आली, आराखडा ब्रिटिश नौदलाने धाडला, खर्च त्यांनी केला आणि तोफा कुणावर रोखायच्या हेही तेच ठरवणार होते. आता तारखा बघा. जहाज पाण्यात उतरलं १२ ऑक्टोबर १८१७ला. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीची लढाई झाली आणि नोव्हेंबरच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. घाटावर पेशवाई बुडत होती आणि घाटाखाली आपलेच सुतार बुडवणाऱ्यांचं जहाज बांधून मोकळे झाले होते. पुण्यातल्या मुलांपुढे तुम्ही यांतली एकच तारीख ठेवणार, तीही अभिमानाने. मला हे पटत नाही.

जहाजप्रेमी : खडकीची तारीख फलकावर नाही ही माझी चूक आहे, बाई. ती घालतो. पण ‘मुंबईने’ हा शब्द मी विचार करूनच लिहिलाय. मुंबईच्या गोदीचे मुख्य मिस्त्री होते जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून काही सुतार बरोबर घेऊन मुंबईत आले. तेव्हापासून ती विद्या त्या घरात बापाकडून मुलाकडे जात राहिली. जमशेटजींच्या हाताखाली १८१०मध्ये ७४ तोफांचं ‘मिंडेन’ उतरलं, १८१३मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ उतरलं. जहाजाच्या कण्याला जुने सुतार पठाण म्हणतात. त्या पठाणात मिस्त्रीने चांदीचा खिळा ठोकायचा, अशी या गोदीची रीत होती आणि त्रिंकोमालीच्या पठाणात जमशेटजींनी तसा खिळा ठोकला. तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती.

आराखडा ब्रिटिशांचा म्हणता, तर तोही उसनाच होता. १७८२ साली इंग्रजांनी ‘हेबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली, तिची मापं घेतली आणि त्या मापांवरून लेडा वर्गातली चाळीसच्या वर जहाजं बांधली. त्रिंकोमाली त्यांतलंच एक. त्यांना कुणी फ्रेंच म्हणत नाही. कागदावरची रेघ कुठूनही येवो, ती रेघ लाकडात उतरवणारा हात कुणाचा, हे मी विचारतो.

आणि तो हात मी पाहिलाय. हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, तिथे गेलो होतो तेव्हा त्याच्या खालच्या तुतकावर उतरलो. वर तोफांची ओळ, उजेड, माणसं. खाली मात्र मान वाकवल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. अंधाराला डोळे सरावले तेव्हा जवळच्या एका तुळईवर हात ठेवला. आमच्या कोकणातल्या घरी माजघराची तुळई आहे, लहानपणी तिच्या झोपाळ्यावर बसायचो. हाताला तोच थंड, किंचित तेलकट स्पर्श लागला. खालच्या अंगाला बोटं फिरवली तर माशाच्या खवल्यांसारखे उथळ खळगे लागले. वाकसाने तासलेलं लाकूड होतं ते. करवतीने कापलं की लाकूड सपाट निघतं, वाकसाने तासलं की प्रत्येक घावाची जागा राहते. एकेक घाव साधारण दोन बोटं रुंद. तिथे कुणीतरी उकिडवं बसून, पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर पातं आणत, एकामागून एक घाव घातले होते. त्या माणसाला मी ‘लंडनचा’ कसा म्हणू?

साशंक : म्हणू नका. पण त्या माणसाचं नावही तुम्हाला ठाऊक नाही, हेही तितकंच खरं. आपण यादवकाळातल्या देवळांना हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित मंत्री होता, दगड घडवला पाथरवटांनी. त्यांची नावं कुठे आहेत? तुमच्या फलकावर जमशेटजी आहेत, चांदीचा खिळा आहे. वाकसवाला नाही. जमशेटजींबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण ‘मुंबईने’ म्हणताना आपण सुतारांची मेहनत एका घराण्याच्या खाती आणि घराण्याची कीर्ती एका शहराच्या खाती जमा करतो. दोन्ही वेळा मधली माणसं गळतात.

आणि ज्या लाकडावर तुम्ही हात ठेवलात, ते मुंबईत उगवलेलं नव्हतं. मलबारचा साग तो. इंग्लंडमधला ओक संपत चालला, नेपोलियनशी युद्ध चाललेलं, म्हणून नौदलाची नजर पश्चिम घाटाकडे वळली. १८०६मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन याला मलबारचा वनरक्षक नेमलं. ‘वनरक्षक’ हा शब्द ऐकून आज आपल्याला वाटेल, झाडं राखायला नेमला. तो नेमला होता नौदलाला साग मिळत राहावा म्हणून. सागावर सरकारची मक्तेदारी आली. ज्यांच्या वाडवडिलांच्या मालकीची रानं होती त्यांना आपल्याच रानातलं झाड तोडायची बंदी झाली. लोक इतके चिडले की १८२३मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांना ते सगळं मोडावं लागलं. तुमचं जहाज या मक्तेदारीच्या ऐन मधल्या वर्षांतलं आहे.

याच्या शेजारी रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र ठेवा. तुमच्या जहाजाच्या सुमारे शंभर वर्षं आधीचं. आरमाराला लाकूड लागतं हे तिथेही मान्य आहे. सागवान वगैरे लागेल ते परवानगीने तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच गरज पडली तर जीर्ण झालेलं झाड मालकाला राजी करून, मोल देऊन तोडावं. आरमार दोघांनाही हवं होतं. एकाने झाडाच्या मालकाला विचारलं, दुसऱ्याने त्याला विचारायची गरजच उरू नये अशी तजवीज केली. मुलांना जहाज बांधणं शिकवायचं असेल, तर मी आज्ञापत्रापासून सुरुवात करीन.

जहाजप्रेमी : शिकवा, जरूर शिकवा. मलाही तो उतारा जवळचा आहे. पण तो वाचून एखाद्या मुलाने विचारलं, ‘बाई, त्या आरमारातलं एक तरी जहाज दाखवा ना’, तर काय दाखवाल? एकही गुराब उरलेली नाही, एकही गलबत नाही. मराठ्यांच्या आरमाराचं एक अख्खं लाकडी जहाज आज जगात कुठे उभं नाही. आणि ती नुसती काळाने खाल्ली असंही नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जाळलं इंग्रजांनी, पण त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे त्यांच्या बाजूने होते. तेव्हा घाटावर आणि घाटाखाली अशी जी वाटणी तुम्ही मघाशी केलीत, ती १७५६मध्ये नेमकी उलटी बसते. एका दिवसात कोकणातल्या सुतारांच्या किती पिढ्यांचं काम राख झालं असेल, याचा विचार आला की मला अजून झोप लागत नाही.

आज्ञापत्रात शब्द उरले. शब्दांवरून जहाज बांधता येत नाही. मे २०२५मध्ये आपल्या नौदलाने कारवारला ‘कौंडिण्य’ नावाचं शिवलेलं जहाज सामील करून घेतलं. खिळ्यांऐवजी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी शिवलं. त्यांच्यापुढे नमुना काय होता? अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं एक चित्र. चित्रकार काही जहाजबांधणीचा मिस्त्री नव्हता. सुकाणू कसं बसवायचं, डोलकाठीचा बुंधा कुठे रोवायचा, वाऱ्याने जहाज किती कलेल, हे सगळं अंदाजाने, हिशेबाने, चाचण्या घेऊन नव्याने शोधावं लागलं. एवढा मोठा समुद्रकिनारा असलेल्या देशाला आपल्याच जहाजाची माहिती भिंतीवरच्या रंगांतून काढावी लागते. आणि तिकडे मुंबईच्या गोदीतलं एक जहाज दोनशे वर्षांनी पाण्यावर तरंगतंय, त्यातलं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं, जोड दिसतो, घाव दिसतो. मी त्याला परकं म्हणून कसा सोडून देऊ?

साशंक : परकं म्हणा असं मी म्हणत नाही. ते इतकी वर्षं टिकलं कसं, याचं कारण मात्र फलकावर पुरतं सांगा. तुम्ही लिहिलंय, ‘सागाच्या गुणामुळे टिकले.’

जहाजप्रेमी : ते खोटं नाही. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे आणि बोल्ट खातं. खिळा गंजला की भोवतालचं लाकूड सडतं. सागात तेल असतं, त्याने लोखंड राखलं जातं. तेव्हा इंग्लंडमध्ये घाईने, कच्च्या ओकचे बांधलेले काही जंगी तरांडे समुद्रावर जायच्या आधीच कुजले. सागाचं तसं झालं नाही. दमणला पोर्तुगीजांनी नगर हवेलीच्या सागाची ‘दोम फर्नांदो दुसरा आणि ग्लोरिया’ ही पन्नास तोफांची फ्रिगेट बांधली, १८४३मध्ये पाण्यात सोडली. १९६३मध्ये लिस्बनजवळ ती जळाली, तिचा सांगाडा जवळपास तीस वर्षं नदीच्या गाळात पडून होता. तरी दुरुस्तीला हात लागले तेव्हा त्यावर पुन्हा जहाज उभं करण्याइतकं काही शिल्लक होतं. १९९८च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली.

पण तुम्ही म्हणता तसं, हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं माझ्या मते फार विलक्षण आहे. त्रिंकोमालीची मागणी १८१२मध्ये नोंदली गेली. आराखडे ‘जावा’ नावाच्या फ्रिगेटवर चढवून मुंबईला धाडले. डिसेंबर १८१२च्या अखेरीला ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. ‘जावा’ हरली, तिला जाळून टाकलं आणि आराखडे गेले. पुन्हा नवे पाठवावे लागले. त्रिंकोमालीचं पठाण मांडलं गेलं ते १८१६मध्ये. वॉटर्लू आदल्या वर्षीच होऊन गेलं होतं. जहाज पाण्यात उतरलं तेव्हा लढायला कुणी उरलेलं नव्हतं. १८१९ला पोर्ट्समथला पोचलं आणि राखीव म्हणून बाजूला बांधून ठेवलं, ते थेट १८४५पर्यंत. आराखडे वेळेवर पोचले असते तर कदाचित हेही जहाज लढलं असतं, झिजलं असतं, मोडीत गेलं असतं. आज जगात तरंगणारी सगळ्यांत जुनी शिडाची युद्धनौका आहे बोस्टनची ‘कॉन्स्टिट्यूशन’. तिच्यानंतर त्रिंकोमालीच. एकीने दुसरीचे आराखडे जाळले आणि दोघीही उरल्या.

साशंक : ‘जावा’वर आराखड्यांबरोबर आणखी कोण होतं, ते ठाऊक आहे ना तुम्हाला? लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. तेही मुंबईलाच निघाले होते. अमेरिकनांनी त्यांना पकडलं आणि शब्दावर सोडून दिलं. पाच वर्षांनी, डिसेंबर १८१७मध्ये, याच हिस्लॉपने महिदपूरला होळकरांचा पराभव केला. एकाच जहाजाच्या पोटातून मुंबईकडे दोन गोष्टी निघाल्या होत्या, तुमच्या फ्रिगेटचा कागद आणि होळकरांचा पाडाव करणारा सेनापती. दोन्ही अडखळत का होईना, एकाच वर्षी आपापल्या मुक्कामाला पोचल्या. तुम्हाला या गोष्टीत योगायोगाचं सौंदर्य दिसतं. मला दिसतं की कागद, साग, सैन्य, गोदी ही सगळी एकाच यंत्राची चाकं होती.

आणि ‘लढलंच नाही’ हे जे तुम्ही जवळजवळ निष्पाप असल्यासारखं सांगता, त्यालाही माझा आक्षेप आहे. १८५२पासून हे जहाज पॅसिफिकमध्ये होतं. ऑगस्ट १८५६मध्ये व्हँकुव्हर बेटावर कौविचन लोकांच्या प्रदेशात एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली गेली. गव्हर्नर जेम्स डग्लस चारशेच्या वर खलाशी आणि सैनिक घेऊन निघाले, ते याच त्रिंकोमालीवरून. वारा मिळेना म्हणून वाफेच्या बोटीने हिला ओढत नेलं. तिथे त्यांनी आरोपीला ताब्यात घेतलं, जागच्या जागी खटला चालवला आणि त्याच्याच माणसांसमोर त्याला फाशी दिलं. तोफ उडवायची गरजच पडली नाही. बंदरात उभं राहणं पुरेसं होतं. युद्धनौकेचं बरंचसं काम असंच चालतं, न लढता. आज त्या भागातल्या एका सामुद्रधुनीला त्रिंकोमालीचं नाव आहे. मलबारचा साग, मुंबईचा वाकस, आणि कौविचनच्या किनाऱ्यावर फाशीचा दोर. फलकावर ‘जगप्रवास केला’ एवढंच लिहून चालेल का?

जहाजप्रेमी : चालणार नाही. हे मी वाचलं होतं आणि लिहिताना टाळलं, खरं सांगतो. मुलांसाठी लिहितोय, असं स्वतःला समजावलं.

साशंक : मुलांना कळतं, काका. सातवीतल्या मुलाला आरमार म्हणजे काय ते सांगताना फाशी लपवली, तर दहावीत त्याला ती कुठेतरी सापडते आणि मग तो आपलं काहीच मानत नाही. ‘मिंडेन’चंही तेच झालं. अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईच्या या जहाजावर लिहिलं गेलं, असं कितीतरी ठिकाणी छापलेलं सापडतं. ते खरं नाही. ते गीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकन बोटीवर होते. आपल्याला अभिमान वाटावा म्हणून आपण अशी एक गोष्ट चिकटवतो आणि ‘कॉर्नवॉलिस’वर काय झालं ते सांगत नाही. २९ ऑगस्ट १८४२ला नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. अफूचं युद्ध संपलं, हाँगकाँग गेलं. त्या युद्धामागे जी अफू होती तिच्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती. आपल्याच गोदीतलं जहाज, आपल्याच बंदरातला माल, आणि तोंड खाली घालून सही करणारे चिनी अधिकारी. हे ‘मुंबईने’ केलं असं लिहाल? सागाचा मान घ्यायचा असेल तर अफूचा वाटाही पदरात घ्यावा लागतो. तो नको असेल तर सागावरचा हक्कही सोडावा लागेल.

जहाजप्रेमी : या ठिकाणी मी तुमच्याशी पुरता सहमत नाही, आणि हे मी जहाजाच्या प्रेमापोटी बोलत नाही. सुताराचा हक्क आणि मालकाचा हक्क तुम्ही एकाच तराजूत घालता आहात. ज्याने लोखंड घडवलं त्याला आपण तलवारीच्या प्रत्येक वाराबद्दल जाब विचारत नाही. पण त्याच्या घडवण्याचं कौतुक मात्र करतो, आणि ते करणं योग्य आहे असं मी मानतो. मिस्त्रीला जहाजाचं पुढचं आयुष्य निवडता येत नसे. चांगलं बांधणं तेवढं त्याच्या हातात होतं.

आणि पुढचं आयुष्य म्हणाल तर ते एकाच रंगाचं नाही. लष्करी कामातून काढल्यावर हे जहाज हार्टलपूललाच राखीव दलाच्या शिक्षणासाठी उभं होतं, १८६०च्या दशकात. १८९७मध्ये भंगारात विकलं गेलं. तिथून जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने उचललं. त्यांचं ‘फूद्रॉयाँ’ नावाचं जहाज वादळात गेलं होतं, म्हणून याला तेच नाव दिलं. पुढे नव्वदेक वर्षं ते दुसऱ्याच्या नावाने जगलं, १९८६पर्यंत मुलामुलींना समुद्राचं शिक्षण देत. त्याच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ उभं असे, ट्रफाल्गरच्या लढाईतलं मूळचं फ्रेंच जहाज. डिसेंबर १९४९मध्ये, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून, ब्रिटिशांनी ते समुद्रात नेऊन स्फोटकांनी बुडवलं, दोन्ही देशांची निशाणं लावून. ट्रफाल्गरचा मान असलेलं जहाज त्यांना राखावंसं वाटलं नाही, आणि एकही मोठी लढाई न पाहिलेलं मुंबईचं जहाज राहिलं. ते राहिलं कारण त्यावर रोज पोरं चढत-उतरत होती. १९८७मध्ये ते हार्टलपूलला परत आलं, १९९२मध्ये त्याला स्वतःचं नाव परत मिळालं, २००१पर्यंत दुरुस्ती चालली. दुरुस्त करणारे सुतार इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे. त्या गावातल्या गोद्या बंद पडल्या होत्या, माणसं बेकार होती. मुंबईच्या सुतारांनी घातलेला जोड तिथल्या सुतारांनी उसवून, समजून घेऊन, पुन्हा घातला. यालाही यंत्राचं चाक म्हणाल?

साशंक : नाही. हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. पण माझा प्रश्न तिथूनच वर येतो. हार्टलपूलच्या सुताराला मुंबईचा जोड पाहायला मिळाला. मुंबईच्या सुताराला कुठे मिळतो? फोर्टमध्ये लायन गेटवरून रोज हजारो माणसं जातात. आतल्या सुक्या गोद्यांमधली सगळ्यांत जुनी १७५०ची आहे, आजही नौदल त्या वापरतं. त्या आत आहेत हे बाहेरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? विद्या कुठे गेली, हे फलकावर कुणी लिहीत नाही. तुम्ही ‘मुंबईने बांधली’ लिहिलंत की असं वाटतं, मुंबईला अजून ते येतं.

तुम्हाला ती जमशेटजींची गोष्ट ठाऊक असेलच. त्यांनी १८००च्या सुमाराला बांधलेलं एक जहाज पुढे दुरुस्तीला काढलं, तेव्हा आतल्या, एरवी कुणाला न दिसणाऱ्या लाकडावर कोरलेलं सापडलं, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं. गोरे ज्या शिवीने हाक मारत, ती शिवीसकट. गोष्ट खरी असेल तर तो कोरणारा हात मला फार जवळचा वाटतो. त्याने ते दर्शनी भागावर, नाळेवर, सगळ्यांना दिसेल असं कोरलं नाही. आत कोरलं. मुंबईत राहून, मुंबईच्या मालकांसाठी काम करून, तो आपलं नाव उघड सांगू शकत नव्हता. मग आपण दोनशे वर्षांनी त्याच्या वतीने ‘मुंबईने’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचं, ते कुणासाठी?

जहाजप्रेमी : त्याच्याचसाठी. जे त्याला दर्शनी कोरता आलं नाही, ते आपण कोरतो.

साशंक : पण त्याने ‘एका माणसाने’ असं कोरलं होतं. शहराचं नाव त्याने कुठेच घातलं नाही. शहर तर त्याच्या मालकाचं होतं. मला विचाराल तर फलकावर फक्त एक प्रत्यय बदला. ‘मुंबईत बांधलेली’. एवढंच. मुंबईत ती बांधली गेली हे कुणी नाकारणार नाही. मागणी कुणाची, साग कुठला, हात कुणाचे, याची जागा मोकळी राहते. मुलं विचारतील, ‘मुंबईत कुणी बांधली?’ आणि मग तुम्हाला वॉटसनपासून वाकसापर्यंत सगळं सांगायला वाव मिळेल. ‘मुंबईने’ लिहिलंत की प्रश्नच संपला.

जहाजप्रेमी : ‘मुंबईत’ म्हटलं की मला भीती वाटते ती उलटी. ‘मुंबईत’ म्हणजे जणू जागा भाड्याने घेतली होती. इंग्रजांनी इथल्या किनाऱ्यावर आपलं जहाज बांधून घेतलं, एवढाच अर्थ निघतो. ब्रिटिश लेखकांनी हीच भाषा वापरली की आपल्याला खुपतं, आणि आता आपणच वापरायची? लवजींपासूनच्या चार पिढ्या त्या एका ‘त’मध्ये मावत नाहीत. माझ्या हाताखाली आलेले ते खवले मावत नाहीत.

साशंक : ‘ने’मध्ये कौविचनचा तो माणूस मावत नाही.

जहाजप्रेमी : मग दोन्ही अपुरे आहेत.

साशंक : आहेत. पण फलक उद्या लागायचाय आणि पहिल्या ओळीत एकच प्रत्यय बसतो. चौथीची मुलं आधी येणार, दहा वाजता. त्यांना पहिली ओळच वाचून दाखवायची असते, बाकीचं त्यांना वाचता येत नाही.

जहाजप्रेमी : तर मग ही ओळ कोरी ठेवू. ‘त्रिंकोमाली. १२ ऑक्टोबर १८१७.’ एवढंच वर, आणि खाली त्या तुळईचा मी काढलेला फोटो, खवले दिसतील असा जवळून.

साशंक : आणि फोटोखाली?

जहाजप्रेमी : फोटोखाली काहीतरी लिहावंच लागेल. तिथे पुन्हा तुमचा ‘त’ आणि माझा ‘ने’ समोरासमोर येणार.

साशंक : येऊ देत. फोटो मोठा करून आणा. हे घाव कुणाचे, ते आधी मुलांनाच विचारून बघते.